बारा ते चार बंद

विनयाबाईंच्या रागाला काळवेळ नसतो असं सोसायटीत म्हणतात. साफ खोटं. त्यांच्या रागाला काळ असतो, वेळ असते आणि कारण तर असतंच असतं. ते कारण बहुतेकदा बरोबर निघतं, म्हणून लोकांना जास्त झोंबतं. बोळिंजच्या ज्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, तिथल्या दोन सेक्रेटरींनी त्यांच्यापायी राजीनामे दिले, आणि दोघंही अजून जिन्यात भेटले की आधी नमस्कार करतात.

हा राग काही म्हातारपणी आलेला नाही. लग्नानंतर त्या वसईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बॉलपेनच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या. तिथे रामनाथ नावाचा सुपरवायझर बायकांच्या संडासाची चावी स्वतःच्या खिशात ठेवायचा. जिला जायचं असेल तिने त्याच्या टेबलापाशी जाऊन मागायची, आणि हा गडी सगळ्यांसमोर चार फालतू प्रश्न विचारून मग चावी द्यायचा. बाया खाली मान घालून मागायच्या, नाहीतर दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. विनयाबाईंनी थोडे दिवस पाहिलं आणि एका सकाळी मशीनवाल्याचा हातोडा उचलून कुलूपच फोडलं. ते फुटकं कुलूप नेऊन त्यांनी मालकाच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, की नवीन लावलंत तर तेही फोडीन. मालकाने लावलं नाही. माणसाच्या गरजेची चावी दुसऱ्याच्या खिशात असली की विनयाबाईंचं डोकं फिरतं. तेव्हाही फिरायचं, आताही फिरतं.

नवरा मात्र देवाने शोधून शोधून उलटा दिला. दिनानाथ संगमेश्वराकडचे. जन्मभर फोर्टातल्या एका छापखान्यात नोकरी केली, गेल्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन घरी बसले ते बसलेच. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांना दात काढून घेण्याइतकं जिवावर येतं. भाजीत मीठ कमी असलं तर सांगणार नाहीत, मुकाट्याने पापड जास्त खातील. हातात अजून बटणांचा फोन. भांडणं, तक्रारी, पाण्याच्या टँकरवाल्याशी हुज्जत, सगळं बायकोने करायचं आणि यांनी टीव्हीपुढे पेपर धरून बसायचं, अशी त्या घराची वाटणी होती. चाळीस वर्षं ती बिनतक्रार चालली.

विनयाबाईंचं माहेर चांदीपचं. थोरली बहीण जिजा लग्न होऊनही गावातच राहिली, घरची भातशेती, दारात गुरं. ती बाई उभी असली की शेतावरच्या माणसांनी पोट फुटेपर्यंत जेवायचं, नाही म्हणायची सोय नाही. त्या जिजाताईच्या अंगावरून गेल्या पावसाळ्यात वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. औषधपाण्यात काही कमी नव्हतं. मुलगा धनेश सरळ माणूस, सून मनाली तर लेकीसारखी करणारी. पण जिजाताई जेवेना. घास ओठाच्या कडेने खाली पडायचा, आणि जिने उभ्या गावाला वाढलं तिला तो पडलेला घास दुसऱ्याने पुसावा ह्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. मनालीने चमचा पुढे केला की दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घ्यायची.

एकदा दुपारी विनयाबाईंनी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा त्या स्वतः जेवत होत्या. पलीकडे जिजाताई बघत राहिली. ह्यांनी घास घेतला, तर तिकडे तिनेही तोंड उघडलं. मनाली शहाणी, काही न बोलता तिने भाताचा घास आत सारला. लहानपणी घरातले बापये जेवून उठले की दोघी बहिणी एकाच ताटात जेवायच्या. जिजाताईच्या जिवाला ती सवय अजून लागून असावी. त्या दिवसापासून रोज दुपारी साडेबाराला बालवाडीत शिकवणारी मनाली घरी आली की फोन लागायचा, आणि दोघी आपापल्या गावी एका ताटात जेवायच्या. जिजाताईने एकच अट घातली होती. जड जिभेने, एकेक शब्द ओढत तिने सांगितलं होतं, "कोनाला सांगू नको. पावन्यांना तं नायच."

पावणे म्हणजे दिनानाथ. धाकट्या बहिणीच्या नवऱ्यापुढे ती आयुष्यात कधी डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरली होती. त्याने आपलं वाकडं तोंड आणि हनुवटीवरून ओघळणारी आमटी बघावी, यापेक्षा तिने उपास पत्करला असता. म्हणून विनयाबाई दिनानाथांचं ताट हॉलमध्ये वाढून द्यायच्या, आपलं ताट घेऊन बेडरूममध्ये जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. दिनानाथांनी कधी विचारलं नाही, ह्यांनी कधी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर विनयाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिना-दीड महिना जिना उतरायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. एरवी रविवारी चांदीपला चक्कर व्हायची तीही बंद झाली, आणि दुपारचा तो फोन हेच एक काय ते राहिलं. मुलगा जितेश बंगळुरूहून आठवडाभर रजा काढून आला. आईला वॉकर धरून चालवलं, घरात नवा राउटर बसवला, बाथरूममध्ये दांडा लावला आणि परत गेला. तो गेला त्याच दिवशी दुपारी बाराला विनयाबाईंच्या फोनवरचं नेट गेलं. चारला आपोआप आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाराला गेलं.

आधी त्यांनी केबलवाल्याचा उद्धार केला. त्यांच्या भागातली इंटरनेटची लाइन सॅमी नावाचा पोरसवदा नव्हे, चांगला पन्नाशीचा माणूस बघतो. तो फोनवर रोज एकच सांगायचा, "आंटी, लाइन एकदम ओके आहे." विनयाबाई त्याला म्हणायच्या, की तुझ्या ओकेला मी काय चाटू. साध्या फोनवर बोलून बघावं तर त्या बेडरूममध्ये आवाज तुटतो, आणि नुसत्या आवाजावर जिजाताई तोंड उघडत नव्हती. समोर ताट दिसायला हवं होतं. चारला नेट आल्यावर लावून बघितलं, तर अवेळी जेवायला ती तयार नव्हती. एक दिवस गेला, दोन गेले, पुढचाही गेला. मग सकाळी मनालीचा फोन आला. "मावशी, काल पन नाय खाल्लं. चहावरच हाय. डॉक्टर बोलला नळी टाकायला लागंल नाकातून." एवढं सांगून ती रडायला लागली.

विनयाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी बारा वाजले, नेट गेलं, आणि बाहेर हॉलमध्ये टीव्ही मात्र ठणठणीत चालू. तो टीव्हीही त्याच वायफायवर चालतो. त्यांच्या मनात पहिल्यांदाच पाल चुकचुकली. सगळ्या घराला नेट आहे आणि फक्त आपल्याच फोनला नाही. त्यांनी बाल्कनीच्या गजांना टेकून, तिथे थोडी रेंज येते तिथून, जितेशला फोन लावला आणि सरळ विचारलं, की तू काही करून गेलायस का.

जितेश आधी चाचरला. मग म्हणाला, की हो, राउटरमध्ये बारा ते चार तुझा फोन बंद ठेवलाय, डॉक्टरांनी दुपारी झोप सांगितलीय ना, तू सारखी फोनवर असतेस. महिनाभर राहू दे. विनयाबाईंनी विचारलं, की मला विचारलंस का. तो म्हणाला, तुझ्या भल्यासाठीच केलं. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता काढ. तर म्हणे ते पान घरच्या वायफायवरूनच उघडतं, इथून नाही करता येत, आणि पासवर्ड आता आठवत नाही, मीटिंग आहे, संध्याकाळी बोलू. फोन कट. ज्याला नऊ महिने पोटात वागवलं, तो कार्टा आईच्या जागेपणाचं आणि झोपेचं वेळापत्रक लावून गेला होता. जिजाताईचं सांगितलं असतं तर कदाचित पाघळला असता. पण शब्द दिला होता, आणि शिवाय कारण सांगून परवानगी मागायला तो काय रामनाथ होता?

तोवर साडेबारा होत आले. घरात फोनचं नेट कधी नीट चालत नाही, पण जिन्याच्या चौथऱ्यावर, खिडकीपाशी, चांगलं चालतं हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. विनयाबाईंनी ताट वाढून घेतलं. एका हातात ताट आणि दुसऱ्या हाताने वॉकर रेटत त्या दाराबाहेर निघाल्या, तेव्हा दिनानाथ पेपर बाजूला ठेवून उठले. कुठे चाललीस म्हणून त्यांनी विचारलं. "जेवायला," एवढंच म्हणून त्या गेल्या. आमटी ताटातून सांडून वॉकरवर ओघळली.

समोरच्या बेलाने दारातूनच पाहिलं आणि धावत खुर्ची आणून दिली. आमच्या घरात बसा, आमचं वायफाय घ्या, असं ती म्हणत राहिली. बेलाचं घर म्हणजे सासू, दोन दीर, त्यांची मुलं. तिथे जिजाताईचं तोंड कुणाकुणाला दाखवणार? विनयाबाईंनी तिला आत जायला सांगितलं, दार लावून घ्यायला सांगितलं आणि फोन खिडकीच्या कठड्याला टेकवून लावला. त्या जिन्यात, चपलांच्या रॅकशेजारी बसून, ऑपरेशनचा पाय लांब करून त्या जेवल्या. चांदीपला जिजाताईने तोंड उघडलं. पण वरून पायऱ्या उतरणारं कुणी दिसलं, की इकडे ह्या फोन पालथा घालायच्या आणि तिकडे ती तोंड मिटून घ्यायची. पाच-सहा घास पोटात गेले असतील नसतील. मग कुणाचा तरी पार्सलवाला वर आला आणि जिजाताईने मान फिरवली ती फिरवलीच.

विनयाबाई घरात परत आल्या तेव्हा त्यांचा पाय ठणकत होता आणि डोळ्यांत पाणी होतं. रडायचं पाणी नव्हे, संतापाचं. त्यांनी ताट सिंकमध्ये आदळलं आणि दिनानाथांच्या समोर उभं राहून, दिलेला शब्द मोडून, सगळं बोलून टाकलं. "माझी बहीण माझ्यासमोर ताट असल्याशिवाय जेवत नाही. चार दिवस उपाशी आहे ती. आणि तुमच्या लाडक्या लेकाने मला झोपवायला नेट बंद केलंय."

दिनानाथांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी पेपर उघडला. विनयाबाईंना वाटलं, ह्या माणसाला दगड म्हणणं म्हणजे दगडाचा अपमान आहे.

त्यांनी सॅमीला फोन लावला. त्याचं कौतुक करायला हवं, त्याने शिव्या खाऊनही फोन ठेवला नाही. तो चिंचोटीला तुटलेली लाइन जोडत होता आणि तिथूनच एकेक सांगत होता. मोबाईलमध्ये राउटरचा नंबर टाका म्हणाला. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक. विनयाबाईंनी टाकला, तर समोर जाहिरातींची जत्रा उभी राहिली. सॅमी म्हणाला, शोधायच्या जागी नाही आंटी, सगळ्यात वरच्या पट्टीत टाका. वरच्या पट्टीत टाकला, तर नुसतं पांढरं पान गरगरत राहिलं. बराच वेळ गरगरून म्हणालं, की हे पान मिळत नाही.

मग सॅमीच्या डोक्यात उजेड पडला. वायफायवर नेट बंद केलेलं असल्यामुळे फोन आपणहून मोबाईल डेटावर उडी मारत होता, आणि बाहेरच्या नेटवरून घरातला राउटर सापडणार कसा? मोबाईल डेटा बंद करा म्हणाला. बंद केला. फोन विचारायला लागला, की ह्या वायफायला इंटरनेट नाही, तरी राहायचं का. विनयाबाई म्हणाल्या, राहायचंय बाबा, माझंच घर आहे. आणि पान उघडलं. निळी पट्टी, खाली दोन चौकोन, एकात नाव, एकात पासवर्ड.

पासवर्ड राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, सॅमीने सांगितलं. जितेशने बदलला नसेल तर तोच चालेल. विनयाबाईंनी दिनानाथांना हाक मारून भिंतीवरचा राउटर काढायला लावला. दिनानाथांनी तो काढून, उलटा करून त्यांच्या हातात दिला आणि दोघंही बघत राहिले. चिठ्ठीवर अक्षरं नव्हतीच. होता तो एक लालभडक डाग, मधोमध फिसकटलेला.

हा त्यांचा स्वतःचाच पराक्रम होता. राउटर भिंतीवर चढला त्या दिवशी घरात नवी वस्तू आली म्हणून विनयाबाईंनी त्याला ओवाळलं होतं. दसऱ्याला त्या मिक्सर, वॉशिंग मशीन, शिलाईमशीन, दिनानाथांची जुनी स्कूटर, सगळ्यांची हळदकुंकू लावून पूजा करतात, झेंडूचं फूल ठेवतात, मग राउटरने काय घोडं मारलं होतं? पुढची बाजू काळी कुळकुळीत, त्यावर कुंकू उठेना. म्हणून उलटा करून, मागे पांढरा कागद दिसला त्यावर ओल्या कुंकवाने छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. जितेश हसला होता. मग भिंतीला डाग लागेल म्हणून टांगण्याआधी त्यांनीच ओल्या फडक्याने ते पुसून काढलं होतं, आणि स्वस्तिकाबरोबर पासवर्डही गेला होता. आपल्याच हातांनी केलेलं पुण्य आपल्याच मुळावर आलं, याचाही राग त्यांना यायचा तो आलाच.

मग त्यांनी अंदाजाने टाकायला सुरुवात केली. जितेशचं नाव टाकलं, सुनेचं अश्लेषाचं टाकलं, नातवंडांची टाकली, आयुष, आर्या. जितेशची जन्मतारीख टाकली. गणपती टाकून पाहिलं, शाळेचं नाव टाकलं, त्याच्या लहानपणी पाळलेल्या कुत्र्याचंही टाकलं. प्रत्येक वेळी पान लाल अक्षरांत नाही म्हणायचं. शेवटी ते पान रुसलंच. इतक्या चुका झाल्या, आता थोड्या वेळाने या, असं इंग्रजीत लिहून आलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीवरच्या डब्याने विनयाबाईंना दाराबाहेर उभं केलं होतं.

"ते मागे बारीक भोक आहे ना," त्या सॅमीला म्हणाल्या, "त्यात पिन घातली की सगळं जातं म्हणालास ना तू मागे?"

सॅमी घाबरला. जातं खरं, पण सगळंच जातं आंटी, म्हणाला. लाइनची माझी सेटिंगपण जाईल, पूर्ण घराचं नेट जाईल, आणि मी उद्या संध्याकाळशिवाय येऊ शकत नाही, नका करू. विनयाबाईंनी फोन ठेवला. उद्या संध्याकाळ म्हणजे जिजाताईची आणखी एक दुपार. पण निदान बारा ते चारचा फास तरी तुटला असता. बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना त्या कायम बाळगतात. त्यातली एक काढली, उघडली, राउटर मांडीवर पालथा घेतला आणि टोक त्या भोकावर टेकवलं. कारखान्यात हातोडाही त्यांनी असाच उचलला होता.

"थांब," दिनानाथ म्हणाले. "पिन घालू नकोस."

त्यांनी वर पाहिलं नाही.

"पासवर्ड मला ठाऊक आहे. तुझंच नाव आहे. पुढे आपल्या लग्नाचं साल."

घरातल्या सगळ्यांची नावं घालून झाली होती, कुत्र्याचंही झालं होतं. स्वतःचं घालावं असं विनयाबाईंच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी पिन भोकावरून उचलली. तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारायची गरजही नव्हती, तरी त्यांनी विचारलं.

तेव्हा दिनानाथ बोलले. चाळीस वर्षांत एका दमात एवढं कधी बोलले नसतील. जितेशला त्यांनीच सांगितलं होतं. झोपेचं निमित्त त्यांनीच सुचवलं होतं, पासवर्डही त्यांनीच सुचवला होता आणि आईला सांगू नको म्हणूनही त्यांनीच बजावलं होतं. "नोकरी होती तेव्हा डबा खायचो. वाटायचं, घरी बसलो की दुपारी तू आणि मी जेवू. तू ताट ठेवतेस आणि दार लावून घेतेस. आतून बोलण्याचा आवाज येतो, हसण्याचा येतो. मी टीव्ही मोठा करतो."

"मग मला सांगायला काय जीभ झडली होती?"

"तुझी भीती वाटते," दिनानाथ म्हणाले.

विनयाबाईंना आयुष्यात पुष्कळ राग आले, पण असा आला नव्हता. तो कुणीकडे फेकावा हेच त्यांना कळेना. बारा वाजल्यापासून लेकाला शिव्या घातल्या, सॅमीला घातल्या, आणि चावी निघाली ती शेजारच्या खुर्चीत पेपर वाचणाऱ्याच्या खिशात. जिन्यात बसून जेवून आल्या, तासभर नावं शोधून दमल्या, आणि हा माणूस समोर बसून बघत होता. "रामनाथ बरा म्हणायचा," त्या म्हणाल्या. "चावी त्याच्याकडे आहे हे निदान दिसत तरी होतं." दिनानाथांनी मान खाली घातली. कारखान्यातल्या बाया घालायच्या तशी. ती मान बघून विनयाबाईंचा राग दुप्पट झाला, कारण ह्या वेळी समोर रामनाथच्या जागी आपणच बसलोय की काय, अशी शंका त्यांना चाटून गेली. ती शंका त्यांनी झटकून टाकली. निदान झटकायचा प्रयत्न केला.

पानाचा रुसवा निघाल्यावर त्यांनी नाव टाकलं, साल टाकलं. आत बऱ्याच पाट्या होत्या. एका पाटीखाली त्यांच्या फोनचं नाव होतं आणि पुढे बारा ते चार. त्यांनी ते पुसलं. मग शोधून शोधून पासवर्ड बदलायची जागा काढली आणि तोही बदलला. नवा काय ठेवला ते त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. संध्याकाळी जितेशने पाचदा फोन करून विचारलं, त्यालाही सांगितलं नाही. त्याला फक्त इतकंच ऐकवलं, की बापाचं ऐकलंस, आईला विचारलं नाहीस, हे मी विसरणार नाही. रात्रीचं जेवण कुणीच नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दिनानाथांना हॉलमधलं लहान टेबल बेडरूममध्ये ओढून आणायला लावलं. लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा केला, तोंड आपल्याकडे करून. मग दिनानाथांना म्हणाल्या, तुमचं ताट घेऊन या आणि ह्या बाजूला बसा, फोनच्या पाठीमागे. एक शब्द काढायचा नाही. वाकून बघायचं नाही. ताईला तुम्ही दिसता कामा नये आणि तुम्हाला ताई. दिनानाथ शाळेतल्या पोरासारखे येऊन बसले. मध्ये फोन, अलीकडे ह्या, पलीकडे ते. इतक्या वर्षांनी दुपारचं जेवण समोरासमोर, तेही एकमेकांकडे न बघता.

कॉल लागला. चांदीपच्या ओटीवरचा उजेड दिसला, भिंतीला टेकवून बसवलेली जिजाताई दिसली. चार दिवसांत गालफडं बसली होती. विनयाबाईंनी घास घेतला, तिने तोंड उघडलं. दुसरा घास. तिसरा. मनाली हनुवटी पुसत होती, आणि विनयाबाईंच्या छातीवरचं ओझं घासागणिक उतरत होतं.

तेवढ्यात दिनानाथांनी पापड मोडला.

पापडाचा आवाज त्या खोलीत केवढा झाला म्हणून सांगावं. विनयाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याच्या हातातला तुकडा तसाच राहिला. फोनवर जिजाताईचं तोंड मिटलं. तिने डावा हात उचलून पदर डोक्यावर ओढला.

"कोन हाय?"

खोटं बोलता आलं असतं. बेला आलीय, म्हणता आलं असतं. पण दार लावून, न सांगता, काय काय होऊन बसलं होतं ते विनयाबाईंनी कालच पाहिलं होतं. "हे आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर जेवायला बसलेत. फोनच्या मागे आहेत, त्यांना तू दिसत नाहीस. मी दिसू देणार नाही." आता ही कायमची तोंड मिटते की काय, नाकातून नळी जाते की काय, याच भीतीने त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मनालीचा चमचा पलीकडे अधांतरी थांबला होता.

जिजाताईने पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. मग जीभ गोळा करून, ओढत ओढत म्हणाली, "पावन्यांना... नीट वाढलंस का?"

विनयाबाईंना उत्तर द्यायची वेळच आली नाही. फोनच्या मागून, भिंतीकडे बघत, दिनानाथच म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे."

विनयाबाईंना असा काही संताप आला. चाळीस वर्षं अळणी गिळली, आणि आज, ताईसमोर, आज ह्या माणसाला कंठ फुटला. त्यांनी मिठाची बरणी उचलून त्यांच्या ताटाशेजारी आदळली. फोनमध्ये जिजाताई पदराआडून अर्ध्या तोंडाने हसत होती, आणि मनालीने ते उघडं तोंड बघून घास आत सारला.